सायकियाट्रिस्ट की थेरपिस्ट? इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

झोप लागत नाही, कशात मन रमत नाही, उगाच रडू येतं. मग सायकियाट्रिस्ट गाठू की थेरपिस्ट? इंग्लंडमध्ये नव्याने आलेली मंडळी हा प्रश्न मला नेहमी विचारतात, बहुतेकदा बाकीचे उठून गेल्यावर. माझं उत्तर ठरलेलं आहे: हा निर्णय तुम्ही एकट्याने घ्यायची गरज नाही, पण जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव मात्र आजच नोंदवा, तब्येत ठीक असतानाच. नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसाचे कागद दाखवणं बंधनकारक नाही. व्हिसाच्या वेळी आपण जो आरोग्य अधिभार भरतो, त्यात मनाच्या आजारांवरचे एनएचएसचे, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, उपचारही येतात.

सायकियाट्रिस्ट हा डॉक्टर असतो. तो निदान करतो, औषध देतो. थेरपिस्ट बोलण्यातून उपचार करतो, औषध लिहून देत नाही. भारतात आपण थेट सायकियाट्रिस्टची अपॉइंटमेंट घेतो. इथे एनएचएसमध्ये तसं होत नाही, साधारणपणे जीपीनेच पुढे पाठवावं लागतं. मात्र नैराश्य आणि चिंतेवरची नेहमीची औषधं जीपी स्वतःच सुरू करतात, त्यामुळे बऱ्याच लोकांना सायकियाट्रिस्टची गरजच पडत नाही. जीपीची भेट जेमतेम दहा मिनिटांची असते. म्हणून गुडघेदुखीपासून सुरुवात करू नका. पहिल्या वाक्यात मनाचं सांगा.

थेरपीसाठी तर जीपीकडेही जावं लागत नाही, आणि हे नव्या माणसाला कोणी सांगत नाही याची मला फार खंत वाटते. ‘एनएचएस टॉकिंग थेरपीज’ या सेवेसाठी प्रौढ व्यक्ती स्वतःच ऑनलाइन अर्ज करू शकते. तिथे दोन छोट्या प्रश्नावल्या भरायच्या असतात, एक नैराश्याची ९ प्रश्नांची आणि दुसरी चिंतेची ७ प्रश्नांची. गेल्या दोन आठवड्यांत काय काय झालं, एवढंच त्यात विचारतात. आपली माणसं इथे हात आखडता घेतात. ‘तसं बरंय’ म्हणायची सवय असते, म्हणून सगळीकडे कमीत कमी आकड्यावर खूण करून मोकळी होतात. पण कोणाला किती मदत द्यायची याचा अंदाज त्या आकड्यांवरूनही बांधला जातो. सौम्य त्रासाला आधी मार्गदर्शनासह स्वतः करायचा अभ्यासक्रम देतात, जास्त त्रासाला थेरपिस्टबरोबरची सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी. जीव नकोसा होतो का, असाही एक प्रश्न त्यात आहे. त्याचंही खरं उत्तर द्या.

मनातलं इंग्रजीत नीट सांगता येत नसेल तर वेळ ठरवतानाच मराठी दुभाषा मागा. एनएचएसमध्ये तो मोफत मिळतो. नवऱ्याला, बायकोला किंवा शाळकरी मुलाला दुभाषा म्हणून शेजारी बसवू नका. त्यांच्यासमोर निम्मं बोलणं ओठातच राहतं.

मग सायकियाट्रिस्ट नेमका कधी हवा? नसलेले आवाज ऐकू येणं, कोणीतरी पाळत ठेवतंय अशी पक्की खात्री वाटणं, जेवणखाण आणि अंघोळसुद्धा सुटणं, औषधांचे प्रयत्न होऊनही उतार न पडणं. अशा वेळी थेरपीच्या रांगेत थांबू नका, जीपीला स्पष्ट सांगा. आणखी एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. मध्येच काही दिवस झोपेशिवाय अंगात प्रचंड उत्साह असायचा, भराभर खर्च व्हायचा, बोलणं थांबत नव्हतं, असं पूर्वी कधी झालं असेल किंवा घरात कोणाला बायपोलर, म्हणजे असा अति उत्साह आणि नैराश्य आलटून पालटून येणारा आजार, असेल, तर गोळी सुरू होण्याआधी ते सांगाच. बायपोलरमध्ये नुसती नैराश्यावरची गोळी दिली तर तो उन्माद उसळू शकतो. थेरपी आणि औषध यांतलं एकच निवडायला हवं, असंही नाही. तीव्र नैराश्यात दोन्ही एकत्र देतात. नैराश्यावरच्या गोळीचा गुण यायला काही आठवडे जातात. आठवड्याभरात फरक नाही म्हणून ती सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करू नका.

भारतातून औषध चालू असेल तर डॉक्टरांचं पत्र आणा आणि त्यात औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. ब्रँडची नावं इथे बदलतात. क्लोनाझेपाम हे मन शांत करणारं, सवय लागू शकणारं औषध वर्षानुवर्षं घेणारे कित्येक जण येतात. इथले जीपी ते दीर्घकाळ द्यायला नाखूश असतात. तुमच्याजवळच्या गोळ्या संपायच्या आधीच जीपीला भेटा, कारण ती एका झटक्यात थांबवणं धोक्याचं असतं. डोस हळूहळू उतरवावा लागतो.

खाजगी थेरपिस्ट शोधताना डोळे उघडे ठेवा. इथे ‘काउन्सेलर’ किंवा ‘सायकोथेरपिस्ट’ अशी पाटी कोणीही लावू शकतं, त्याला कायद्याचं बंधन नाही. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ला मात्र आहे, त्यांची नोंद एचसीपीसी या नियामक संस्थेकडे असते. डॉक्टरांची जीएमसी या डॉक्टरांच्या नियामक संस्थेकडे. काउन्सेलर असेल तर तो बीएसीपी किंवा यूकेसीपी या व्यावसायिक संघटनांचा सदस्य आहे का, ते बघा. या सगळ्या याद्या ऑनलाइन सहज तपासता येतात.

व्हिसाच्या भीतीने माणसं महिनोन्‌महिने कुढत बसतात, हे मला बघवत नाही. मदत घेतली म्हणून व्हिसा रद्द होत नाही. जीपीकडच्या नोंदी तुमच्या परवानगीशिवाय कंपनीला मिळत नाहीत. गाडी चालवत असाल तर काही आजारांची माहिती डीव्हीएलएला, म्हणजे वाहन परवाना देणाऱ्या सरकारी खात्याला, द्यावी लागते, ते तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या.

जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर यातलं काहीच बघत बसू नका. १११ लावा आणि २ दाबा, रात्री-अपरात्रीही मानसिक आरोग्याची माणसं फोनवर येतात. जीव धोक्यात असेल तर थेट ९९९. फक्त कोणाशी तरी बोलायचं असेल तर समॅरिटन्स या मन मोकळं करायला ऐकून घेणाऱ्या संस्थेचा ११६ १२३ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. घरातलं दुसरं कोणी अशा अवस्थेत असेल तर त्यांच्या वतीने १११ ला तुम्हीही फोन करू शकता.