फोटोग्राफीच्या धंद्याला नाव ठेवताय? आधी सहा फोन करा

'दृष्टिक्षेप'. माझ्या पहिल्या स्टुडिओचं नाव. मराठीत लिहिलं की काय देखणं दिसायचं! बोर्ड रंगवणाऱ्यानं 'क्षे'ची मात्रा अशी फिरवली होती की जाणारे-येणारे मान वर करून बघायचे. त्याच नावानं माझी एक अख्खी लगीनसराई खाल्ली. आता दुसरा बोर्ड लागलाय, डोकं जरा थंड झालंय, म्हणून नव्यानं धंदा काढणाऱ्यांसाठी लिहितोय.

वही घ्या, पंधरा-वीस नावं खरडा. त्यात क्लिक, शटर, लेन्स, पिक्सेल, फ्रेम, मोमेंट्स, मेमरीज असलं काही असेल तर काट मारा. का, ते कुठल्याही मंगल कार्यालयाबाहेर उभं राहिलात तर कळेल. देवाचं नाव वाईट नाही, पण 'श्री गणेश फोटो' तालुक्यात किती आहेत ते मोजा. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव लावायचा मोह आपल्याकडे हमखास होतो. बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराला आळा घालणारा 1950 चा कायदा आहे, त्याच्या यादीत ते नाव आहे, केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय धंद्याला लावता येत नाही. मित्राचं आणि तुमचं आद्याक्षर जोडून नाव करू नका. मित्र दुबईला जातो, अक्षर इथंच राहतं.

आडनाव लावायला लाजू नका. कोलकात्याचा बोर्न अँड शेफर्ड हा जुना फोटो स्टुडिओ 2016 साली बंद झाला तोपर्यंत त्याच दोन साहेबांच्या आडनावावर चालत होता, ते दोघं जाऊन जमाना लोटला तरी. आणि नावात 'वेडिंग' घालताना दहा वेळा विचार करा. आमच्या सांगलीकडे पावसाळ्यात लग्नं नसतात तेव्हा बेदाण्याच्या आणि हळदीच्या पाकिटांचे फोटो काढून भाडं निघतं. व्यापारी कार्ड बघतो, 'वेडिंग' वाचतो आणि कार्ड परत देतो.

आता खरं काम. फोन लावा. मेसेज नाही, फोन. सहा जणांना. नाव एकदाच उच्चारा, स्पेलिंग सांगू नका, आणि म्हणा, "हे इंग्रजीत टाइप करून मला पाठव." बस. सहापैकी पाच जणांकडून एकच स्पेलिंग आलं तर नाव ठेवा, नाहीतर फेका. कितीही आवडलेलं असो, फेका.

मी हे केलं नाही. मराठीत छान दिसतंय म्हणून खूश होतो. पण बोर्ड बघून कुणी शोधत नाही हो, ऐकून शोधतात! कुणीतरी हळदीत विचारतं, "फोटोवाला कोण?", दुसरं कुणी तोंडी सांगतं, आणि तिसरं मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत टाइप करतं. आता 'दृष्टिक्षेप' टाइप करा. आपण ऋ चा 'रु' म्हणतो म्हणून डी-आर-यू, हिंदीवाले 'रि' म्हणतात म्हणून डी-आर-आय. 'ष्टि'ला कुणी एक आय देतं, कुणी दोन ई. 'क्ष'ला के-एस-एच, आणि पोरं नुसता एक्स ठोकतात. मी इन्स्टाग्रामच्या खात्याला यू घेतला होता. आयवालं खातं दुसऱ्या राज्यातल्या एका फोटोग्राफरचं होतं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. मिरजेच्या एका लग्नाचे माझे फोटो नवरीच्या इंदूरच्या आतेबहिणींनी इन्स्टाग्रामवर टाकले, कौतुकानं टॅग केलं, ते त्याला. चौकशा गेल्या त्याच्याकडे. मला कधी कळलं? तुळशीची लग्नं होऊन गेल्यावर बाजारात एक काकू भेटल्या, "तुम्ही मेसेजला उत्तरच दिलं नाहीत, मग आम्ही कोल्हापूरचा ठरवला." तीन दिवसांचं काम होतं, प्री-वेडिंगसकट.

आजी म्हणालीही होती, लग्नाघरी 'दृष्ट'बिष्ट नाव कशाला? तेही ऐकलं नाही.

तर फोन. कुणाला करायचा तेही सांगतो. एक वयानं मोठा, मराठी शाळेत शिकलेला. एक हिंदी बोलणारा. एक बेळगाव-निपाणीकडचा. एक कॉलेजातलं पोरगं, कारण ते स्वर गाळूनच लिहितं. एक मेंदीवाली किंवा डेकोरेटर, कारण तुमचं नाव पुढं सांगणारी माणसं हीच. सहावा असा, ज्याला तुमच्या धंद्याचं काही घेणंदेणं नाही. नावात क्ष, ज्ञ, ऋ, ळ यांपैकी एक जरी असेल तर सहाऐवजी दहा फोन करा. 'ज्ञ' आपण डी-एन-वाय लिहितो, हिंदीवाले जी-वाय. 'ळ'ला तर इंग्रजीत अक्षरच नाही. कॅमेरेवाल्या जॉर्ज ईस्टमननं 1888 साली 'कोडॅक' हा शब्द नोंदवला तो मुळात कुठल्याच भाषेतला नव्हता, मुद्दाम घडवलेला. छोटा, चुकीचा उच्चारता न येणारा. माझं नवं नाव दोन अक्षरी आहे. सहापैकी सहांनी सारखं लिहिलं, तेव्हाच पैसे खर्च केले.

मग इन्स्टाग्रामचं खातं बघा. नावाला तीस अक्षरांची मर्यादा आहे. मधे टिंब किंवा अंडरस्कोर घालून मिळतंय म्हणून घेऊ नका. फोनवर 'अंडरस्कोर' सांगून बघा, परत तीच बोंब. चुकीची दोन-तीन स्पेलिंगं मोकळी असतील तर तीही स्वतःच घेऊन ठेवा.

ट्रेडमार्कचा शोध सरकारी संकेतस्थळावर फुकट घेता येतो. तिथं मालाचे आणि सेवांचे वर्ग पाडलेत, फोटोग्राफीची सेवा वर्ग 41 मध्ये येते. तिथं उच्चारसाम्याचा शोध घ्यायची सोय आहे, ती वापरा. नुसतं जसंच्या तसं नाव शोधलंत तर काही सापडत नाही आणि माणूस फसतो. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे 4500 रुपये. अर्ज ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर चार महिने कुणीही हरकत घेऊ शकतो, नोंदणी झाली की दहा वर्षं. 'सांगली वेडिंग फोटोग्राफी' असलं नुसतं वर्णन असलेलं नाव सहसा मिळत नाही. नोंदणी होईपर्यंत वर्तुळातला आर लावू नका.

बोर्ड मराठीतच, देवनागरीत, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. म्हणून नाव देवनागरीतही लिहून बघा. पण नुसतं देवनागरीत बघून भाळू नका, मी भाळलो होतो.

पुढचं पटापट. गुमास्ता म्हणजे दुकानाची नोंदणी, उद्यम म्हणजे लघुउद्योगाची नोंदणी, बँकेतलं चालू खातं, सगळीकडे एकच स्पेलिंग, एक अक्षर इकडचं तिकडं नको. वॉटरमार्क, अल्बमचं शेवटचं पान, कार्ड, टी-शर्ट हे सगळं नंतर. आधी छापलंत तर रद्दीत जातं, माझी आठशे कार्डं गेली.

बोर्डवाल्याला ॲडव्हान्स देण्याआधी: सहा फोन झाले? आईला केलेला धरू नका, तिला नाव आधीच माहीत होतं.