येवल्यात पैठणी घेताना आधी पदर उलटा करा

दुकानदार पदर समोर पसरतो. तुम्ही तो उलटा मागा. हातमागावर विणलेल्या पैठणीत मोर, मुनिया, कमळ मागच्या बाजूलाही जवळपास तसेच दिसतात. यंत्रमागाच्या ‘सेमी पैठणी’त मागे लोंबते किंवा कापलेले धागे असतात. तीही खुशाल घ्या, पण सेमीच्याच भावाने!

रेशमाबद्दल शंका असेल तर पदराच्या दशीतून, दुकानदाराला विचारून, जरीचे नसलेले 2-3 धागे घ्या आणि साडीपासून लांब जाळा. अस्सल रेशमाला केस जळल्याचा वास येतो, राख चुरगळते. पॉलिस्टरची कडक गोळी होते. बिलावर ‘हातमाग’ आणि ‘शुद्ध रेशीम’ लिहून घ्यायला विसरू नका. नुसतं ‘पैठणी’ लिहिलेलं बिल तक्रारीच्या वेळी फारसं उपयोगी पडत नाही.