‘ओ माय गॉड’ म्हणताना या चुका टाळा

आपल्याकडे देवाचं नाव तोंडी येणं म्हणजे पुण्यच. ठेच लागली तरी ‘अरे देवा’, दूध उतू गेलं तरी ‘देवा रे’. त्याच सवयीने आपण ‘ओ माय गॉड’ म्हणून जातो. पण इंग्रजीत त्या नावाचं वजन निराळं आहे, आणि बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतो.

‘फॉर गॉड्स सेक’ म्हणजे विनवणी नव्हे

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. ‘देवासाठी एवढं करा हो’ हे आपण हात जोडून म्हणतो. इंग्रजीत मात्र ‘फॉर गॉड्स सेक’ बहुधा वैतागूनच येतं, ‘आता पुरे करा!’ अशा सुरात. माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्या एकाने रजेच्या मेलमध्ये लिहिलं होतं, ‘फॉर गॉड्स सेक, प्लीज अप्रूव्ह माय लीव्ह.’ बिचारा गयावया करत होता. वाचणाऱ्याला तो झापतोय असं वाटलं. तिथे ‘आय वुड बी रिअली ग्रेटफुल’ हवं होतं.

दुःखाच्या बातमीवर नुसताच उद्गार

कोणी सांगितलं, वडील गेले. आपण कळवळून ‘ओ माय गॉड!’ म्हणतो आणि थांबतो. मनात असतं ‘अरे देवा, काय झालं हे!’, पण आवाज चढा लागला की पलीकडे फक्त आश्चर्य ऐकू जातं. आवाज खाली आणा आणि लगेच ‘आय ॲम सो सॉरी’ म्हणा. ते जोडलं नाही तर सांत्वन पोचतच नाही.

समोर कोण आहे ते न पाहणं

देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये, ही बायबलातल्या दहा आज्ञांपैकी एक. बहुतेक प्रोटेस्टंट ती तिसरी मोजतात, कॅथलिक दुसरी. इंग्लंडात १६०६ साली कायदाच झाला: रंगभूमीवर देवाचं नाव थट्टेने किंवा उगाच घेतलं तर १० पौंड दंड. या संकोचातूनच ‘गॉड’च्या जागी ‘गॉश’ आणि ‘गुडनेस’ आले, ‘जीझस’चं ‘जीझ’ झालं. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून ‘लांबडं’ म्हणतात, तसंच हे. अनोळखी, वयस्क किंवा धार्मिक माणसांसमोर ‘ओ माय गुडनेस’ म्हणा. वसईच्या किंवा गोव्याच्या मैत्रिणीच्या आजीसमोर तर नक्कीच. आणि उद्गार म्हणून ‘जीझस!’ अजिबात नको. मालिका बघून मुलं तो पटकन उचलतात.

सगळे उद्गार एकाच मापाने वापरणं

नुसतं ‘ओ गॉड’ म्हटलं की वैताग किंवा धास्ती वाटते. ‘ओ माय गॉड’मध्ये धक्का असतो, आनंदाचाही. ‘थँक गॉड’ म्हणजे सुटलो बुवा. आपल्याशी जवळपास जसाच्या तसा जुळतो तो ‘गॉड नोज’: देव जाणे!

उच्चाराचंही एक आहे. आपण तिन्ही शब्दांवर सारखाच जोर देतो, त्यामुळे उद्गार सपाट होतो. ‘ओ माय’ भरकन म्हणा आणि ‘गॉऽड’वर या.

‘ओएमजी’ कुठेही लिहिणं

हे मोबाइलवाल्या पोरांचं खूळ आहे असं अनेकांना वाटतं. पण ९ सप्टेंबर १९१७ रोजी ब्रिटिश नौदलातले ॲडमिरल जॉन फिशर यांनी विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात ते आहे, पुढे कंसात पूर्ण रूपासह. तेव्हा फिशर ७६ वर्षांचे होते! ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात ते आलं २०११ मध्ये. तरी ते मित्रांपुरतंच ठेवा. ऑफिसच्या मेलमध्ये पोरकट दिसतं.

इतकं करूनही एखाद वेळी नको तिथे निसटलंच आणि समोरच्याचा चेहरा बदलला, तर लांबण लावू नका. ‘सॉरी’ म्हणा आणि जे सांगत होता ते पुढे सांगा.