कामगार संघटनेचा इतिहास कसा लिहावा : नागपुरातील कार्यकर्त्यांसाठी

संघटनेला पन्नास-साठ वर्षे होत आली की स्मरणिका काढायचे ठरते आणि तिची निम्मी पाने मान्यवरांच्या शुभसंदेशांत व हार घातलेल्या छायाचित्रांत संपतात. उरलेल्या पानांत संपांची यादी येते. दोन संपांच्या मधल्या काळात संघटना काय करत होती, हे मात्र कुठेच सापडत नाही. वास्तविक तिची समाजातली भूमिका कशी बदलत गेली, हे त्या मधल्या काळातच दिसते.

सुरुवात नेत्यांच्या आठवणींनी न करता कार्यालयातल्या कपाटापासून करावी. इतिवृत्ताच्या वह्या, वर्गणीची पावतीपुस्तके, आवक-जावक नोंदवही, मागणीपत्रे, करार आणि हँडबिले वेगवेगळी लावावीत. ज्या गठ्ठ्यात जो कागद सापडला, त्याची नोंद ठेवूनच तो हलवावा. इतिवृत्त वाचताना सूचक-अनुमोदकांची नावे असलेल्या ठरावांपाशी बहुतेक जण थांबतात. खरा ऐवज असतो तो शेवटी, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या मथळ्याखाली. कोणाच्या क्वार्टरचे छप्पर गळते, कोणाला मुलीच्या लग्नासाठी उचल हवी आहे, कोणाला मुकादमाने कामावर घेतले नाही, हे सारे तिथे दोन-दोन ओळींत उरकलेले असते. सह्यांच्या जागी अंगठे किती आहेत आणि कोणत्या वर्षापासून ते कमी होत गेले, एवढे मोजले तरी एक परिच्छेद सहज तयार होतो.

दुसरे काम म्हणजे प्रत्येक कागद त्या काळच्या कायद्याशेजारी ठेवून वाचणे. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीच्या मालकांनी कामगार नेत्यांना न्यायालयात खेचल्यानंतर संघटनेला संरक्षण देणाऱ्या कायद्याची मागणी जोर धरू लागली आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला. त्याआधी संप घडवणे हा खटल्याचा विषय होऊ शकत असे, हे लक्षात न घेतल्यास जुन्या पत्रकांतली जपून वापरलेली भाषा भित्री वाटते. नागपूरच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रांत-वऱ्हाडाची आणि पुढे मध्य प्रदेशाची राजधानी होते; त्यामुळे इथल्या जुन्या वादांत मध्य प्रांत-वऱ्हाडच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची कलमे दिसतात, मुंबईच्या १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याची नव्हे. मुंबईचा इतिहास उचलून नागपूरवर चिकटवण्याची सवय इथेच उघडी पडते.

मुंबईचे संदर्भ टाळावेत, असा याचा अर्थ नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीतून १८९० मध्ये मिळालेली रविवारची सुट्टी सर्वांनाच ठाऊक असते. तिच्याशेजारी नागपूरची एम्प्रेस मिल ठेवून पाहावी. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेल्या जमशेदजी टाटांच्या या गिरणीत १८८६ मध्येच पेन्शन फंड आला होता. मालक स्वतःहून सवलती देत असताना कामगारांना स्वतःची संघटना का हवीशी वाटली, हा नागपूरच्या इतिहासकाराचा खास प्रश्न आहे, आणि ‘शोषण होत होते’ एवढ्या उत्तराने तो सुटत नाही.

आकड्यांसाठी संघटनेच्या दाव्यावर विसंबू नये. कामगार संघटनांची नोंदणी करणाऱ्या निबंधकाकडे दरवर्षी दाखल होणाऱ्या विवरणपत्रांत सभासदसंख्या व जमाखर्च असतो. ती माहितीच्या अधिकारात मागता येतात. कामगार संघटनांना मान्यता देण्याच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली, पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी मान्यतेसाठी अर्ज करणाऱ्या संघटनेला सलग सहा महिने किमान ३० टक्के सभासद दाखवावे लागत. अशा प्रकरणात औद्योगिक न्यायालयापुढे झालेली पडताळणी सापडली, तर व्यासपीठावरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा शेजारी छापण्याचे धैर्य दाखवावे.

वृत्तपत्रे वाचताना पत्र कोणाचे होते, हे आधी पाहावे. १९२९ मध्ये आयटकचे (ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचे) अधिवेशन नागपुरात जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली भरले. ब्रिटिश सरकारने कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी नेमलेल्या व्हिटली आयोगावर बहिष्कार टाकण्याच्या प्रश्नासह अनेक ठरावांवरून तिथे फूट पडली आणि ना. म. जोशी व त्यांचे सहकारी बाहेर पडले. जोशी हे भारत सेवक समाजाचे, आणि नागपूरचे ‘हितवाद’ही त्याच समाजाने १९११ मध्ये सुरू केलेले. तेव्हा त्यातली वार्तापत्रे खोटी ठरत नाहीत, पण दुसऱ्या बाजूचे पत्रक मिळेपर्यंत निकाल देऊ नये. गंमत अशी की ज्या आयोगावर बहिष्कार घातला, त्याच्यापुढे मध्य प्रांतातून झालेल्या साक्षी आज त्या काळच्या कामगारजीवनाचे फार मोलाचे साधन आहेत.

फुटींविषयी लिहायला कार्यकर्ते कचरतात. लिहावेच. नागपुरात फुटलेल्या चळवळीचे दोन प्रवाह १९३८ मध्ये नागपुरातच जवळ आले. नागपूरचे कामगार नेते रा. स. रुईकर १९४८ मध्ये हिंद मजदूर सभेचे अध्यक्ष झाले; आर्वीचे दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ स्थापला. एका गेटवर तीन झेंडे का लागले, हे न सांगणारा इतिहास तिथल्या कामगाराला खरा वाटणार नाही.

मुलाखतींसाठी पदाधिकाऱ्यांआधी बदली कामगार (गैरहजर कामगाराच्या जागी घेतले जाणारे) आणि स्त्री कामगार गाठावेत. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाल्याला दोन दशके उलटून गेली, त्यामुळे हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. ‘कोणत्या साली’ असे विचारल्यास उत्तर चुकते. ‘मारबतीच्या आधी की नंतर’, ‘आणीबाणी लागली होती का’ असे विचारावे. जातीचा प्रश्न टाळू नये. मुंबईत मागाच्या धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून विणाई खात्यात अस्पृश्यांना घेत नसत आणि १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. आपल्या गिरणीत कोण कोणत्या खात्यात होते आणि पिण्याच्या पाण्याची व्यवस्था कशी होती, हे थेट विचारावे.

शेवटचे प्रकरण आजचे असावे, आणि ते गिरणीबाहेरचे असेल. हिवाळी अधिवेशनात विधान भवनाकडे निघणाऱ्या मोर्चांत आता अंगणवाडी सेविका, आशा आणि कंत्राटी कामगार ठळकपणे दिसतात. सेविकांना पगार नव्हे, मानधन मिळते. तरीही त्यांना ग्रॅच्युइटी लागू होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. अशा लढ्यात संघटनेचे पहिले काम ‘आम्ही कामगार आहोत’ हे सिद्ध करण्याचे असते; गिरणी कामगाराला ते कधी करावे लागले नव्हते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू झाल्याने, एकाहून अधिक संघटना असतील तिथे एकट्याने वाटाघाटी करण्याच्या हक्कासाठी संघटनेकडे ५१ टक्के कामगार असण्याची अट आली आहे. तिचा आपल्या आस्थापनेवर काय परिणाम झाला, हे तारखेसह नोंदवून ठेवावे.

या काळाची इतिवृत्ते बहुतांशी व्हॉट्सॲपवर आहेत. गटातला मजकूर तारखांसह बाहेर काढून छापून ठेवावा, पण कंत्राटी सभासदाचे नाव त्याच्या संमतीविना छापू नये. ठेकेदारही स्मरणिका वाचतो.