यंत्र विकणं सोडून महिन्याची बिलं फाडायची आहेत? मग या चुका टाळा

रबाळ्याच्या एमआयडीसीत आमचा गाळा आहे. आम्ही स्क्रू कॉम्प्रेसर, म्हणजे कारखान्याला दाबाची हवा पुरवणारी यंत्रं, बांधतो. एअरएंड, म्हणजे हवा दाबणारा मुख्य भाग, बाहेरून येतो. टाकी, कूलर, पॅनेल, पाइपिंग, टेस्टिंग सगळं इथे. वीसेक वर्षं धंद्याची रीत एकच होती: यंत्र बांधा, विका, पैसे वसूल करा, पुढच्या ऑर्डरीमागे धावा. मध्यंतरी एक हंगाम अगदी भाकड गेला. तेव्हा डोक्यात आलं की यंत्र विकायचंच कशाला? आपलंच ठेवू, ग्राहकाकडे लावू, देखभाल आपण करू आणि दर महिन्याला भाडं घेऊ. कल्पना चांगली होती. अंमलात आणताना मात्र आम्ही एकही खड्डा चुकवला नाही. हल्ली वागळे इस्टेटपासून तळोज्यापर्यंत चार कारखानदार चहाला जमले की हाच विषय निघतो, म्हणून ते खड्डे सांगतो.

भाडं महिन्याचं लावलं

पहिला मोठा करार महापेच्या एका पॅकेजिंगवाल्याशी झाला. ५० एचपीचं यंत्र, पाच वर्षं, महिना २२ हजार, तेल-फिल्टर-दुरुस्ती सगळं आमच्याकडे, वीज त्यांची. दर काढताना आम्ही एक पाळी धरली: दिवसाला दहा तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ३,००० तास. कागदावर सगळं गोड दिसत होतं.

वर्ष झालं आणि आमच्या टेक्निशियनचा तिथूनच फोन आला. "सर, अवर मीटर खराब झालंय बहुतेक. ६,४८० दाखवतंय."

मीटर ठणठणीत होतं. वर्षात एकूण तासच असतात ८,७६०. ग्राहकाला मोठी ऑर्डर लागली होती, त्याने दुसरी आणि अर्धी तिसरी पाळी सुरू केली होती. मी त्यांच्याकडे गेलो तर मालक हसत म्हणाले, "भाडं भरतोय ना साहेब वेळेवर? मग चालवू की हवं तेवढं." करारात तासांचा शब्दच नव्हता, त्यामुळे त्यांचं काही चुकत नव्हतं.

आता हिशोब बघा. आमच्या यंत्रात तेल आणि सेपरेटर (हवेतून तेल वेगळं करणारा भाग) ४,००० तासांनी बदलतो. जे सोळा महिन्यांनी करायचं होतं ते साडेसात महिन्यांनी करावं लागलं. तेवढं खपून गेलं असतं. पण एअरएंडचं ओव्हरहॉल २४,००० तासांना येतं. वर्षाला ३,००० तास धरले तर ते आठव्या वर्षी, म्हणजे पाच वर्षांच्या कराराबाहेर. साडेसहा हजारांनी ते चौथ्याच वर्षी दारात उभं. दीड लाखाच्या घरातला खर्च, आणि आमच्या दरात त्याच्यासाठी एक रुपयाही धरलेला नव्हता.

गंमत म्हणजे हे शहाणपण आपल्या एमआयडीसीइतकं जुनं आहे. महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि ठाण्यात वागळे इस्टेट उभी राहिली. त्याच १९६२ मध्ये ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीने छोट्या जेट विमानांच्या व्हायपर इंजिनासाठी 'पॉवर बाय द अवर' योजना काढली. पुढे ती कंपनी रोल्स-रॉइसकडे गेली आणि योजना त्यांच्या नावाने गाजली. तिथे दर उड्डाणाच्या तासाला होता, महिन्याला नव्हता, कारण इंजिन झिजतं ते तासांनी. पुण्याच्या थरमॅक्सची एक उपकंपनी बॉयलर स्वतःचा ठेवून कारखान्यांना वाफ विकते, तेही टनावर. झीज ज्या मापाने होते, त्याच मापाने बिल. आम्ही मात्र खोली भाड्याने द्यावी तसं यंत्र दिलं.

उपाय सरळ आहे. महिन्याचं किमान भाडं ठेवा, त्यात किती तास मोफत ते लिहा आणि पुढच्या तासाला दर लावा. दर महिन्याच्या रीडिंगवर ग्राहकाची सही-शिक्का घ्या. आणि त्याआधी एक काम: आजवर विकलेल्या यंत्रांच्या सर्व्हिस रिपोर्टांची बाडं उघडून बसा. गेटबाहेर गेलेलं यंत्र दर हजार तासांना किती खातं, हे ज्याला सांगता येत नाही त्याने भाड्याचा दर काढू नये. आमच्याकडे ही बाडं कपाटात होती, कोणी उलगडली नव्हती.

बांधायचा पैसा कॅश क्रेडिटमधून काढला

सुरुवातीला दहा यंत्रं भाड्याने लावली. प्रत्येक बांधायला सहा लाख, म्हणजे साठ लाख बाहेर. येणार महिन्याला २ लाख २० हजार. देखभालीचे यंत्रामागे ५ हजार वजा केले तर १ लाख ७० हजार. साठ लाख परत यायला ३५ महिने. व्याज ११ टक्के धरलं की ४३ महिने. विक्रीत हाच पैसा दोन-तीन महिन्यांत फिरून यायचा.

इथपर्यंत आम्हालाही समजलं होतं. समजली नव्हती ती बँकेची बाजू. हा सगळा खर्च आम्ही कॅश क्रेडिट खात्यातून केला, म्हणजे माल आणि येणी बघून बँक देते त्या फिरत्या कर्जातून. यंत्र भाड्याने गेलं की ते बँकेला द्यायच्या मालाच्या यादीतून (स्टॉक स्टेटमेंट) निघून जातं, कारण आता तो माल नाही, आपली मालमत्ता आहे. ग्राहकांकडून येणं असलेल्या रकमांच्या यादीतही विक्रीचे आठ लाख दिसत नाहीत, दिसतं एका महिन्याचं २२ हजारांचं बिल. परिणाम असा की धंदा वाढतोय आणि ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खात्यातून उचलता येणारी रक्कम, घसरतेय. पगाराच्या आठवड्यात चेक अडकल्यावर बँकेतल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "तुमचा स्टॉक गेला कुठे?"

भाड्याच्या यंत्रांना टर्म लोनच (ठरावीक मुदतीत हप्त्यांनी फेडायचं कर्ज) हवं, आणि कर्जाची मुदत कराराच्या मुदतीत बसायला हवी. यंत्र तुमच्या ताळेबंदात राहतं, घसारा तुम्हालाच मिळतो, ही सीएशी आधी बोलून घ्यायची गोष्ट. आणि सगळा धंदा एकदम वळवू नका. आम्ही आता चारातलं एक यंत्र भाड्याने देतो, तीन विकतो. विकलेली तीन त्या एकाला पोसतात.

"आगाऊ पैसे नको" एवढंच विकलं

आमचे सेल्सवाले सांगत सुटले की एकरकमी गुंतवणूक करावी लागत नाही. यामुळे कोण आले? ज्यांच्याकडे पैसेच नव्हते ते. पहिल्या दहातल्या तिघांचं भाडं सहा महिन्यांत थकलं.

५० एचपीचं यंत्र म्हणजे साधारण ३७ किलोवॅट. वर्षाला ३,००० तास म्हणजे १ लाख ११ हजार युनिट. युनिटला नऊ रुपये धरले तरी विजेचं बिल दहा लाखांच्या आसपास. यंत्राच्या किमतीपेक्षा एका वर्षाची वीज महाग. चांगल्या ग्राहकाला २२ हजारांच्या भाड्याचं काही वाटत नाही, त्याला हे दहा लाख टोचतात. हवेचा दाब एक बार (दाबाचं माप) खाली आणता आला तर सहा-सात टक्के वीज वाचते. गळती शोधून दिली तर त्याहून जास्त. विकायची वस्तू ही होती.

वसुलीचे छोटे काटे

मालाच्या आगाऊ रकमेवर जीएसटी भरावा लागत नाही, २०१७ च्या नोव्हेंबरपासून ती सवलत आहे. सेवेला ती नाही. वर्षाच्या देखभाल कराराचे (एएमसी) पैसे एप्रिलमध्ये घेतले तर सगळ्या रकमेचा कर तेव्हाच. आम्ही आमच्या जुन्या सवयीने थांबलो आणि व्याज भरलं. शिवाय ते बारा महिन्यांचे पैसे एप्रिलची कमाई समजून उडवू नयेत. अकरा महिन्यांची सेवा अजून द्यायची असते.

मोठ्या कंपन्यांत आठ लाखांच्या बिलामागे कोणीतरी असतं, २२ हजारांचं बिल ट्रेमध्ये पडून राहतं. तिथे सेवेचं बिल चढायला सर्व्हिस एन्ट्री शीट, म्हणजे काम झाल्याची नोंद, लागते. ती मेन्टेनन्सवाला करतो, आणि त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. दर महिन्याची वेगळी पीओ (खरेदीची ऑर्डर) मागू नका, वर्षाची ओपन पीओ घ्या, आणि एन्ट्री कोण करणार त्या माणसाचा नंबर पहिल्या दिवशीच घेऊन ठेवा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. १ एप्रिल २०२४ पासून, उशीर केला तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च करात दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. मार्च जवळ आला की फोन त्यांचाच येतो.

टेक्निशियन तेच, वचनं नवी

करारात आम्ही ऐटीत लिहिलं: दोन तासांत माणूस हजर. रबाळ्याहून तळोज्याला संध्याकाळी सहा वाजता निघून शिळफाट्यावर अडकलेल्या माणसाला विचारा दोन तास म्हणजे काय. दुरुस्त केलेलं कलम असं: दोन तासांत फोनवर निदान, चार कामाच्या तासांत माणूस, आणि चोवीस तासांत यंत्र सुरू झालं नाही तर बदली यंत्र. बदली यंत्र गाळ्यात तयार उभं लागतं, हा खर्चही दरात धरा.

आमच्याकडे सर्व्हिस म्हणजे शिक्षेची बदली होती. सेल्सला कमिशन, सर्व्हिसला पेट्रोलचे पैसे मागायला चार फेऱ्या. महिन्याच्या बिलाचा धंदा टिकतो तो या माणसाच्या जिवावर. ग्राहकाचा मालक आम्हाला वर्षातून एकदा भेटतो, त्याचा मेन्टेनन्सवाला आमच्या टेक्निशियनला महिन्यातून दोनदा. आता कराराचं नूतनीकरण झालं की टेक्निशियनलाही हिस्सा मिळतो. सेल्सचं कमिशन अर्धं सहीला, उरलेलं बारावं भाडं जमा झाल्यावर. थकणारे ग्राहक आणणं त्या महिन्यापासून बंद झालं.

सेन्सर लावला, बघणार कोण?

तेरा आकडी एमटूएम सिम (यंत्राने स्वतःच माहिती पाठवायचं सिम) घातलेलं यंत्र आम्ही कौतुकाने बसवलं. कॉम्प्रेसर रूम शेडच्या मागे, वर पत्रा, तीन बाजूंना भिंती, रेंज शून्य. अँटेना बाहेर काढला. मग रात्री दोन वाजता तापमान वाढल्याचा इशारा नीट गेला, तो आमच्या परचेसच्या ईमेलवर. सकाळी नऊला उघडला. इशारा ज्याच्या फोनवर जाईल त्याचं नाव आणि रात्रपाळीचा भत्ता ठरत नसेल तर सेन्सरचे पैसे वाचवा.

आणि कालपर्यंत फुकट दिलेल्या गोष्टीला आज दर लावू नका. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत गाडीत आधीच बसवलेल्या गरम सीटसाठी महिन्याची वर्गणी मागितली, लोक उखडले, २०२३ मध्ये कंपनीने ते सोडून दिलं. आमचा प्रताप म्हणजे फोनवरच्या सल्ल्याला पैसे लावले. आठवड्यात गुंडाळलं.

यंत्र तुमचं आहे हे यंत्रावर दिसू द्या. मालकीची पाटी रिव्हेट करा, पाठवताना चलनावर 'भाड्याने, परतीच्या अटीवर' लिहा. एका ग्राहकाचा गाळा बँकेने सील केला तेव्हा आमचं यंत्र चार महिने आत होतं. विमाही बघा: त्यांच्या पॉलिसीत तुमच्या यंत्राचा उल्लेख नसेल तर पावसाचं पाणी शेडमध्ये शिरल्यावर दोघांच्याही हाती काही लागत नाही.

करार आधीच फसला असेल तर

महापेच्या त्या करारात अजून चार वर्षं बाकी होती. भाडं वाढवून मागितलं असतं तर कागद पुढे केला असता, आणि बरोबरच केलं असतं. आम्ही एका रविवारी संध्याकाळी, सगळी मशिनं बंद असताना त्यांच्याकडे गेलो. फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवला. हवा कोणी वापरत नव्हतं, तरी यंत्र एक मिनिट लोड घ्यायचं (हवा दाबायचं), दोन मिनिटं अनलोड (नुसतं फिरायचं), परत एक मिनिट लोड. लोडचा वेळ भागिले एकूण वेळ: एकास तीन. क्षमतेतली तेहेतीस टक्के हवा निव्वळ गळत होती. शांत शेडमध्ये ती ऐकूही येत होती, साप फुसफुसावा तशी. साबणाचं पाणी घेऊन फिरलो तर एकट्या दुसऱ्या लाइनवर अकरा जागी बुडबुडे, बहुतेक क्विक कपलरवर, म्हणजे नळी झटकन जोडायच्या जोडांवर.

सोमवारी मालकांसमोर भाड्याचा विषय काढलाच नाही, वाया जाणाऱ्या विजेचा आकडा ठेवला. गळत्या आम्ही बंद करून देऊ, दाब बसवून देऊ, बदल्यात करार तासांवर आणा. त्यांनी दोन दिवस घेतले आणि सही केली.

पुढच्या महिन्यात रीडिंग घ्यायला गेलो तेव्हा त्यांचे मेन्टेनन्सचे काका खिशात टेफ्लॉन टेप घेऊन फिरत होते. मीटर महिन्याभरात ३७० तासांनी पुढे सरकलं होतं. आधी सव्वापाचशेच्या पुढे जायचं.