वेल्सला कॅमेरा घेऊन जाताय? मग दिवस उजेडाप्रमाणे आखा

इंग्लंडमधे कॅथीड्रलवाली शहरं भरपूर आहेत, कँटरबरी, यॉर्क, डरहम, लिंकन, पण हौशी फोटोग्राफरने आधी कुठे जावं असं कुणी विचारलं तर मी सॉमरसेट काउंटीमधलं वेल्स (Wells) सांगेन, वेल्स हा प्रदेश (Wales) नव्हे. कारण गाव एवढंसं आहे की कॅथीड्रल, बिशपचा वाडा, जुनी गल्ली, बाजाराचा चौक सगळं पाच-दहा मिनिटांच्या चालीत येतं आणि ऊन सरकेल तसं आपल्यालाही सरकता येतं. त्यामुळे ठिकाणांची यादी करून टिक मारत फिरू नका, कुठे कधी उजेड पडतो ते धरून दिवस आखा.

वेल्सला रेल्वे स्टेशन नाही. ब्रिस्टल किंवा बाथपर्यंत ट्रेन आणि तिथून बस, साधारण तास-सव्वा तास. बुधवारी आणि शनिवारी चौकात बाजार भरतो, तंबू आणि व्हॅन उभ्या असतात, म्हणून इमारतींचे मोकळे फोटो हवे असतील तर दुसरा वार बघा आणि माणसांचे हवे असतील तर मुद्दाम बाजाराच्याच दिवशी जा. चौकात असताना जमिनीकडेही लक्ष ठेवा. मेरी रँड ही लांब उडीवाली वेल्सची, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधे तिने ६.७६ मीटर उडी मारून वर्ल्ड रेकॉर्डसकट गोल्ड घेतलं, ती उडी इथे फरसबंदीत मोजून दाखवलीये. कॅमेरा अगदी खाली धरून त्या रेषेवरून चालणाऱ्याचे पाय घ्या, मस्त येतं.

सकाळी आधी कॅथीड्रलच्या आत जा. जुन्या चर्चप्रमाणे हेही पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे पूर्वेकडची मोठी रंगीत काच, १३४० च्या आसपासची, सकाळीच उजळते. एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) काचेवर घ्या, बाकीचं काळं झालं तरी चालेल, उलट केलंत तर काच पांढरी फट्ट पडते आणि मग रंग परत येत नाहीत. आत शिरताना काउंटरवर फोटोचे आणि ट्रायपॉडचे नियम विचारून घ्या, आणि प्रार्थना चालू असेल तर कॅमेरा बॅगेत, तिथे लोक खरोखर प्रार्थनेला येतात. ट्रायपॉड नसला तरी अडत नाही, खांबाला पाठ टेकवा, कोपरं पोटाशी घट्ट, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) बिनधास्त १६०० ते ३२००, दोन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बटण दाबताना हलत नाही. फ्लॅश नको, फ्लॅशने समोरचा दगड सपाट होतो आणि मागचं सगळं अंधारात जातं.

मधोमध त्या प्रसिद्ध कात्री कमानी आहेत. १३१३ च्या सुमारास मनोरा उंच केला, वजन पेलेना, तडे जायला लागले, मग १३३८ ते १३४८ मधे खाली एकमेकींवर उलट्या ठेवलेल्या कमानी बांधून तो सावरला, आणि सातशे वर्षं होत आली तरी उभा आहे. हा फोटो डाव्या-उजव्या बाजू जुळण्यावरच आहे, म्हणून नेव्हच्या, म्हणजे मधल्या लांब दालनाच्या, अगदी मध्यरेषेवर उभे राहा, कॅमेऱ्यातली ग्रिड ऑन करा, आणि कॅमेरा वर वाकवू नका, वाकवला की खांब आत झुकतात. त्यापेक्षा मागे जा आणि थोडी जास्त जमीन येऊ द्या, ती नंतर कापता येते.

उत्तरेकडच्या भागात घड्याळ आहे, साधारण १३९० चं, दर पंधरा मिनिटांनी वर घोडेस्वार फिरतात आणि प्रत्येक वेळी तोच बिचारा खाली पडतो. आधीच फोकस करून ठेवा, एक शॉट फास्ट शटरने आणि पुढच्या फेरीला १/८ सेकंदाला टेकून, दोन्ही ठेवण्यासारखे येतात.

आता माझी सगळ्यात आवडती जागा, चॅप्टर हाउसकडे, म्हणजे कॅथीड्रलच्या धर्मगुरूंच्या बैठकीच्या दालनाकडे, जाणाऱ्या पायऱ्या. इथेच फ्रेडरिक इव्हान्सने १९०३ मधे 'अ सी ऑफ स्टेप्स' हा फोटो काढला. हा माणूस लंडनचा पुस्तकविक्रेता, दुकान सोडून पूर्णवेळ कॅथीड्रलचे फोटो काढायला लागला, प्लॅटिनम प्रिंट (प्लॅटिनमच्या क्षारांनी कागदावर उमटवलेले फोटो) करायचा आणि रिटचिंगच्या, म्हणजे फोटोत नंतर हाताने फेरफार करण्याच्या, विरोधात होता. शेकडो वर्षं पाय घासून पायऱ्या मधे खोलगट झाल्यात, वर जाताना त्या उजवीकडे वळतात आणि काही सरळ पुढे जातात, आणि त्याच्या फोटोत तो सगळा दगड लाटांसारखा दिसतो. तसाच्या तसा फोटो काढायला जाऊ नका, पण तिथे थांबा. ढग आला की खोलगटपणा दिसेनासा होतो, तिरका उजेड आला की प्रत्येक पायरीची कड वेगळी होते, हे डोळ्यांसमोर घडताना बघायला मिळतं. माणसं जाऊ द्या, घाई नको. वर चॅप्टर हाउस अष्टकोनी आहे, १३०६ च्या सुमारास पूर्ण झालेलं, मधल्या एका खांबातून ३२ फासळ्या छतात पसरतात, वाइड लेन्सने खांबापाशी उभं राहून सरळ वर बघा.

झूम लेन्स असेल तर दक्षिणेकडच्या भागात खांबांचे माथे शोधा, दाढ दुखतेय म्हणून तोंडात बोट घालून बसलेला एक माणूस आहे आणि फळं चोरणाऱ्यांची अख्खी गोष्ट कोरलीये, चोरी, पकडणं, मार सगळं. ८० ते २०० मिमी लागते, वाइड लेन्सवाले बरेच जण खालून निघून जातात.

दुपार पश्चिमेच्या दर्शनी भागासाठी राखून ठेवा. सकाळी तो सावलीत असतो. तिथे १३ व्या शतकातले सुमारे ३०० पुतळे अजून आहेत, एकेकाळी रंगवलेले होते. समोर मोठं हिरवळीचं मैदान आहे, त्यामुळे ३५ मिमी लेन्सनेही सगळं मावतं. बहुतेक लोक सूर्यास्ताच्या सोनेरी उजेडाची वाट बघतात, माझं मत वेगळं आहे, दुपारी ऊन नैऋत्येकडून तिरकं घासून येतं तेव्हा पुतळ्यांच्या घड्या आणि चेहरे उठून दिसतात, नंतर समोरून आलं की रंग छान पण पुतळे चपटे. डिसेंबरमधे चारच्या सुमारास सूर्य बुडतो, जूनमधे साडेनऊपर्यंत असतो, त्याप्रमाणे जेवणाची वेळ ठरवा.

व्हिकर्स क्लोज ही गल्ली १४ व्या शतकात कॅथीड्रलच्या गायकांसाठी बांधलेली. वरच्या टोकाला ती साधारण दहा फुटांनी अरुंद आहे, म्हणून खालून लांबलचक दिसते आणि वरून आखूड. एकच फोकल लेंथ ठेवून, म्हणजे झूम न बदलता, दोन्ही टोकांवरून फोटो काढा आणि शेजारी ठेवून बघा, पर्स्पेक्टिव्ह म्हणजे काय ते इथे एकदम कळतं. घरांत लोक राहतात, खिडक्यांत लेन्स घालू नका.

बिशपच्या वाड्याला पाण्याचा खंदक आहे, हंस खायला हवं असलं की दाराजवळची घंटा ओढतात, त्यासाठी धीर धरावा लागतो. बागेत तिकीट काढून जा, झऱ्यांच्या तळ्यात कॅथीड्रलचं प्रतिबिंब मिळतं. वारा नसेल तेव्हाच आणि पोलरायझर काढून ठेवून, तो फिल्टर नेमकं प्रतिबिंबच मारतो.

फोटो रॉमधे (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) घ्या, आत बल्बचा पिवळा आणि खिडकीचा निळा उजेड एकत्र येतो, जेपेगमधे तो सुटत नाही. आणि सकाळी बसमधून उतरल्या उतरल्या स्टॉपवरच्या परतीच्या टाइमटेबलचा फोटो काढून ठेवा, रविवारी बस कमी असतात.