लिफ्ट किट किती इंचांचा घ्यावा? थार आणि जिम्नी बाळगणाऱ्यांसाठी

लिफ्ट किट म्हणजे गाडी उंच करणाऱ्या सुट्या भागांचा संच. ‘दोन इंच लिफ्ट करून द्या’ एवढेच सांगून गाडी गॅरेजमध्ये सोडणारे पुष्कळ असतात. वास्तविक इंचांचा आकडा या सगळ्या व्यवहारात शेवटी ठरायला हवा. आधी टायर ठरवावा, मग गाडीवर कायमचे किती वजन राहणार आहे ते मोजावे, आणि या दोहोंना पुरेल इतकीच, म्हणजे जमेल तितकी कमी, उंची वाढवावी.

सस्पेन्शन लिफ्टमुळे चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि बॉडी वर जाते; डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा अ‍ॅक्सल जात नाही. जिम्नीला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल आहे, त्यामुळे स्प्रिंग कितीही उंच बसवली तरी हौजिंगचा, म्हणजे अ‍ॅक्सलच्या लोखंडी आवरणाचा, गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर राहतो. पावसाळ्यात कोकणातल्या वाडीच्या वाटेवर ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडतात आणि त्यांच्या मधला उंचवटा हौजिंगला घासू लागतो. अशा वेळी नव्या स्प्रिंगांवर केलेला खर्च काहीही उपयोगाचा नसतो, तिथे फक्त मोठा टायरच कामाला येतो. लिफ्टमुळे दोन गोष्टी मिळतात: पोटाखाली आणि बंपरखाली मोकळीक, आणि मोठा टायर मावण्यासाठी चाकाच्या कमानीत जागा. पाच दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) २५९० मिमी, तर २०२० नंतरच्या तीन दारांच्या थारचा २४५० मिमी आहे. ग्राउंड क्लिअरन्स (पोट आणि जमीन यांतली मोकळीक) अनुक्रमे २१० आणि २२६ मिमी आहे. बांध ओलांडताना जिम्नीचे पोट आधी टेकते ते याच कारणाने, आणि म्हणून माफक लिफ्टचा लाभ तिला थारपेक्षा अधिक जाणवतो.

टायरचा हिशेब कागदावर करता येतो. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५ आहे. १९५ मिमी रुंदीचे ८० टक्के म्हणजे टायरच्या बाजूची उंची १५६ मिमी. त्याची दुप्पट ३१२ आणि १५ इंची रिमचे ३८१ मिळून व्यास ६९३ मिमी होतो. २३५/७५ आर १५ घातल्यास व्यास सुमारे ७३४ मिमी भरतो, म्हणजे चाळीस मिलिमीटर वाढतो. परंतु अ‍ॅक्सल मात्र त्याच्या निम्म्यानेच, वीस मिलिमीटर, वर येतो. शिवाय स्पीडोमीटर मागे पडतो, म्हणजे प्रत्यक्ष वेग काटा दाखवतो त्यापेक्षा सुमारे सहा टक्के जास्त असतो, आणि चढावर गाडी पूर्वीपेक्षा जड वाटते. वीस मिलिमीटरसाठी एवढे सोसायचे का, हा प्रश्न स्वतःला विचारल्यावर अनेकांचे समाधान २१५/७५ वरच होते, आणि मग लिफ्टची गरजही पुष्कळशी उरत नाही.

थारचे प्रकरण वेगळे आहे. तिचे पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र आहे आणि पुढचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच) चासीला जखडलेला असल्यामुळे लिफ्टबरोबर तोही वर उचलला जातो, मात्र चाके खालीच राहतात. त्यामुळे तिथून चाकांपर्यंत जाणारे दोन्ही बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट तिरके होतात, त्यांच्या जॉइंटवरचे रबरी बूट एका अंगाला चुरगळून लवकर फाटतात, आणि एकदा ग्रीस बाहेर पडून आत चिखल गेला की जॉइंट फार दिवस टिकत नाही. चाकाला धरून ठेवणाऱ्या वरच्या आर्मचा बॉल जॉइंटही त्याच्या मर्यादेजवळ जाऊन बसतो. यासाठी थारला पुढून दोन इंचांपलीकडे नेऊ नये; त्याहून जास्त उंची हवीच असेल, तर आर्म बदलणे आणि डिफरन्शियल खाली घेणे हा खर्च किटच्या किमतीतच धरावा. मागच्या बाजूस अखंड अ‍ॅक्सल असल्यामुळे तिथे जिम्नीचेच नियम लागू होतात.

स्पेसर, म्हणजे उंची वाढवण्यासाठी मध्ये घालायची जाड चकती, हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. थारच्या पुढच्या स्ट्रटवर (स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्र जोडीवर) बसणाऱ्या स्पेसरची जाडी म्हणजेच लिफ्ट असे समजू नये, कारण स्ट्रट आर्मच्या मधल्या भागात टेकलेला असतो आणि आर्मच्या टोकाला असलेले चाक स्पेसरच्या जाडीपेक्षा अधिक सरकते. स्पेसरने गाडी उंच दिसते, पण स्प्रिंग आणि शॉकअप जुनेच राहतात. गाडी डांबरी रस्त्यावरच फिरणार असेल तर ते चालून जाते, एरवी माझे मत त्याच्या विरोधात आहे. पूर्ण किट घेताना स्प्रिंगची ताकद वजनावरून ठरवावी. लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचे यंत्र) आणि टपावरचा तंबू कायम असेल तरच जड स्प्रिंग घ्यावी; रिकाम्या गाडीला ती लावल्यास खड्ड्यात चाक खाली सुटत नाही, हवेत लटकते, आणि घरच्या मंडळींची पाठ बोलू लागते ते वेगळेच. शॉकअपची लांबी नव्या स्प्रिंगशी जुळणारी हवी. तो पूर्ण दबण्याआधी गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, टेकलीच पाहिजे, नाहीतर सगळे धक्के शॉकअपच्या पोटात बसतात.

जिम्नीसाठी किट पाहताना खोक्यात स्प्रिंगांखेरीज आणखी काय आहे ते तपासावे. गाडी वर गेली की पॅनहार्ड रॉडमुळे, म्हणजे अ‍ॅक्सल आणि चासी यांना आडवे जोडणाऱ्या दांड्यामुळे, अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो, म्हणून लांबी जुळवता येणारा रॉड लागतो. पुढच्या अ‍ॅक्सलचा कॅस्टर (स्टीअरिंग सरळ ठेवणारा मागे झुकलेला कोन) कमी झाल्याने हायवेवर स्टीअरिंग भरकटल्यासारखे वाटते, त्यासाठी कॅस्टर दुरुस्तीचे बुश (जोडातले रबरी तुकडे) लागतात. ब्रेकच्या नळ्या आणि एबीएसच्या तारा चाक पूर्ण खाली लोंबकळल्यावर ताणल्या जाता कामा नयेत. जुनी जिप्सी असेल तर पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), त्यांना चासीशी जोडणारे शॅकल आणि अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट यांचा संच एकत्रच घ्यावा.

कायद्याचीही बाजू पाहावी लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्यामुळे पैसे भरण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी यांच्याकडून लेखी उत्तर घ्यावे. वॉरंटीबद्दलही तसेच विचारावे.

बसवण्याआधी सपाट जागी गाडी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे; काम झाल्यावर चारही मापे पुन्हा घ्यावीत, म्हणजे खरी लिफ्ट किती मिळाली आणि गाडी एका अंगाला कलली आहे का ते कळते. दुसरी खबरदारी मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. माझ्या गाडीचे आर्मचे बोल्ट कारागिराने ती जॅकवर लटकत असतानाच आवळले, त्यामुळे रबरी बुश पिळलेल्या स्थितीतच जखडले गेले. चार महिन्यांत कटकट आवाज सुरू झाला आणि बुश काढून पाहिले तर रबर कडेने फाटले होते. हे बोल्ट आधी फक्त हाताने बसवावेत, गाडी चाकांवर उतरवून पुढेमागे हलवावी आणि मगच पान्याने पूर्ण आवळावेत. त्यानंतर अलाइनमेंट करावे, हेडलाइटचा झोत खाली घ्यावा, आणि पाचशे किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासून घ्यावेत.